‘तेच’ आणि ‘तसेच’

गेल्या वर्षी एका विद्यापीठातल्या प्रकल्पाच्या बैठकीला मला बोलावणे आले. दलित साहित्याविषयीची माहिती आज निरनिराळ्या संकेतस्थळांवर विखुरलेली आहे. काही ग्रंथालयांच्या सूचींत आहे, काही विश्वकोशांत, काही पुस्तकविक्रेत्यांच्या पानांवर, काही प्रबंधांच्या संग्रहांत. ही सगळी माहिती अशी जोडायची की एका ठिकाणी ‘लेखक’ या शब्दाचा जो अर्थ आहे तोच दुसऱ्या ठिकाणी आहे हे यंत्रालाही कळावे, असे प्रकल्पाचे उद्दिष्ट होते. मराठीचा अध्यापक म्हणून शब्दांची यादी तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि संगणकाशी माझा संबंध गुणपत्रके भरण्यापुरता. तरी गेलो.

मला दिलेल्या तक्त्यात पहिलीच ओळ ‘बलुतं’ची होती. लेखक : दया पवार. प्रकार : आत्मचरित्र. विषय : दलित, म्हणजे अनुसूचित जाती. त्याखाली यंत्राने आपणहून एक सूचना केली होती. ‘दगडू मारुती पवार’ आणि ‘दया पवार’ या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात, त्या एक कराव्यात काय? पुढे दोन चौकटी, ‘हो’ आणि ‘नाही’.

ज्यांनी ‘बलुतं’ वाचले आहे त्यांना माझी अडचण सांगावी लागणार नाही. १९७८ साली आलेल्या या पुस्तकाची उभारणीच या दोन नावांवर आहे. दगडू आपली कहाणी दयाला सांगतो. एक गावकुसाबाहेरचा, एक शहरात नोकरी करणारा, कविता लिहिणारा. जन्माच्या दाखल्याने पाहिले तर माणूस एकच. पण पुस्तकाने पाहिले तर या दोघांमधले अंतर हाच पुस्तकाचा विषय आहे. शिकलेला दलित आपल्याच भूतकाळासमोर बसतो तेव्हा त्याला तो आपला वाटतो आणि परकाही वाटतो. ही जाणीव ज्या अंतरातून येते ते अंतर मिटवण्यासाठी मला एका चौकटीत खूण करायची होती. मी बराच वेळ काही केले नाही. शेजारचा तरुण अभियंता म्हणाला, “सर, सोपं आहे हे. हो म्हणा आणि पुढे जा.”

मी त्या दिवशी पुढे गेलो नाही. त्यानंतर या विषयावर जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आपल्या वाचकांसमोर ठेवतो आहे. हा विषय आपला नाही, तो यंत्रवाल्यांचा आहे, असे पुष्कळांना वाटेल. मला तसे वाटत नाही. माणसांना नावे कोण देतो आणि कोणते नाव कोणत्या खान्यात कोण टाकतो, हा प्रश्न या देशात आपल्यापेक्षा जास्त कोणी भोगलेला नाही.

तंत्र आधी सरळ समजून घेऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. तीत पाने पानांना जोडलेली होती. वाचणारा माणूस होता, म्हणून अर्थ लावण्याचे काम माणूस करी. यंत्राला फक्त अक्षरे दिसत. पानांऐवजी माहितीच माहितीला जोडावी आणि अर्थ यंत्रालाही वाचता येईल अशा रीतीने लिहावा, हा पुढचा विचार. १९९९ साली त्यासाठी आरडीएफ नावाची पद्धत प्रमाण ठरली आणि २००१ च्या मे महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी ‘सिमँटिक वेब’ म्हणजे अर्थाचे जाळे या नावाने तो विचार जगापुढे ठेवला. त्या लेखाच्या आरंभी एक भाऊ-बहीण आहेत. आईला उपचार हवे आहेत. यंत्रच दवाखाना, विमा, अंतर आणि दोघांच्या सवडीच्या वेळा यांची सांगड घालून देते. (आमच्या गावाकडे डॉक्टर केंद्रात आला आहे की नाही हे आजही जाऊनच पाहावे लागते, पण ते असो.)

या पद्धतीत प्रत्येक विधान तीन तुकड्यांचे असते. शाळेत आपण कर्ता, क्रियापद, कर्म शिकलो तसेच. ‘बलुतं’, त्याचा ‘लेखक’, ‘दया पवार’. प्रत्येक तुकड्याला वेबवर स्वतःचा पत्ता असतो. दोन संकेतस्थळांनी एकच पत्ता वापरला तर ती एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत असे यंत्र धरते. पत्ते वेगळे असले तर कोणीतरी सांगावे लागते की ही गोष्ट आणि ती गोष्ट एकच. त्यासाठी २००४ साली प्रमाण झालेल्या आउल या भाषेत एक क्रियापद आहे, ‘सेम-ॲज’. मी त्याला ‘तेच’ म्हणतो. पुढे २०११ साली गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या कंपन्यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही सामाईक शब्दसूची काढली. २०१२ साली विकिडेटा सुरू झाला, आणि तो कोणालाही संपादित करता येतो. आज आपण शोधयंत्राला एखाद्या लेखकाचे नाव विचारले की उजवीकडे जी चौकट उमटते, तिच्यामागे अशीच जोडणी असते. विद्यार्थी ती चौकट वाचतो आणि बहुधा तेथेच थांबतो.

आता ‘तेच’ या शब्दाची ताकद पाहा. दोन गोष्टी ‘तेच’ ठरल्या की एकीविषयी जे जे खरे ते ते दुसरीविषयीही खरे, असा या भाषेचा नियम आहे. अपवाद नाही. माणसे बोलताना ‘तेच ते’ असे सहज म्हणतात आणि त्यात ‘जवळजवळ’ हा शब्द गृहीत असतो. यंत्र ‘जवळजवळ’ गृहीत धरत नाही. हॅरी हॅल्पिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एका निबंधात दाखवून दिले की वेबवर हे क्रियापद लोक निरनिराळ्या सैल अर्थांनी वापरतात. कोणी ‘सारखे’ म्हणून, कोणी ‘संबंधित’ म्हणून, कोणी एखाद्या वस्तूचे चित्र आणि ती वस्तू यांच्यासाठीही. म्हणजे हा दोष काही आपल्या प्रकल्पापुरता नाही. तंत्र उभारणाऱ्यांना तो ठाऊक आहे.

माझ्या वडिलांच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा आहे. मास्तरांनी तसा लिहिला. आईबापांना तारीख सांगता येत नव्हती आणि मास्तरांना शाळा सुरू होण्याआधीची तारीख हवी होती. नावेही त्यांनीच ‘सुधारली’. वडिलांना घरी सगळे कचरू म्हणत. हजेरीपटावर ते काशिनाथ झाले. एकाच आडनावाची, एकाच वाड्यातली, एकाच दिवशी जन्मलेली ही माणसे यंत्राच्या हाती दिली तर ते त्यांतल्या दोघातिघांचा एक माणूस करील, आणि माझ्या एकट्या बापाचे दोन. हे त्याच्या हिशेबाने बरोबरच असेल. चूक हजेरीपटावर झालेली आहे आणि हजेरीपट कोणाच्या हाती होता हे तक्त्यात कोठेच लिहिलेले नाही.

तक्त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे येतो : आत्मचरित्र. सामाईक यादीत जीवनकथेसाठी हा एकच शब्द होता. कारण इंग्रजीत एकच शब्द होता आणि यादी इंग्रजीवरून आली होती. ‘आत्मकथन’ त्याखाली ‘पर्यायी नाव’ म्हणून घातले होते. दलित समीक्षेने १९७० आणि १९८० च्या दशकांत या दोन शब्दांवरून जी झुंज दिली ती पर्यायी नावासाठी दिली नव्हती. आत्मचरित्र लिहिणारा आयुष्य पार पडल्यावर मागे वळून पाहतो. त्याचे कर्तृत्व सिद्ध झालेले असते आणि वाचकाला ते आधीच ठाऊक असते. ‘बलुतं’ आले तेव्हा दया पवार त्रेचाळीस वर्षांचे होते. ‘उपरा’ १९८० साली आले तेव्हा लक्ष्मण माने एकतीस-बत्तीस वर्षांचे. १९८४ साली ‘अक्करमाशी’ लिहिणारे शरणकुमार लिंबाळे अठ्ठावीस. ही माणसे काय मागे वळून पाहणार? त्यांचे जगणे अजून चालू होते आणि ते सांगणे हीच त्यांची साक्ष होती. त्या कथनातला ‘मी’ वस्तीला सोडून उभा राहत नाही. प्रस्थापित समीक्षेने जेव्हा या लेखनाला आत्मचरित्राचे मानदंड लावले तेव्हा ते तुटक, अपुरे, घाईचे ठरले. शब्द बदलला तेव्हाच मानदंड बदलला. आता यंत्राच्या यादीत तो शब्द पुन्हा जुन्या शब्दाच्या पोटात जाणार असेल, तर पन्नास वर्षांची समीक्षा एका रकान्यात पुसली जाईल. आणि पुसणाऱ्याच्या मनात तसा हेतूही नसेल. मला हेतूपेक्षा रकान्याची भीती जास्त वाटते.

अनुवादाच्या बाबतीतही हेच घडते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ माया पंडित यांनी २००८ साली ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ या नावाने इंग्रजीत आणले. सूचीच्या हिशेबाने ही एकाच कृतीची दोन रूपे. तसे मानायला हरकत नाही. मूळ पुस्तकापर्यंत वाचक पोचायचा तर ती गाठ हवीच. पण मराठी शीर्षकात ‘जिणं’ आहे आणि इंग्रजीत ‘तोडलेले तुरुंग’ आहेत. पहिले एक समूहाचे जगणे सांगते, दुसरे त्या जगण्याविरुद्धची कृती. समीक्षेला या फरकात काम आहे. एकाच पत्त्यावर दोन्ही ठेवली की तो फरक पाहायला कोणी थांबत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ‘दलित, म्हणजे अनुसूचित जाती.’ प्रकल्पातल्या मंडळींनी हे समीकरण स्वतः बनवलेले नव्हते. ते त्यांना तयारच मिळाले होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी दूरचित्रवाहिन्यांना सूचना दिली की ‘दलित’ हा शब्द टाळावा आणि ‘शेड्यूल्ड कास्ट’ वा त्याचे भाषांतर वापरावे. यंत्राच्या भाषेत सांगायचे तर सरकारने दोन पत्त्यांमध्ये ‘तेच’ लिहिले आणि एक पत्ता बंद केला. पण १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात अनुसूचित जाती-जमाती आहेत, बौद्ध आहेत, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी आहेत, स्त्रिया आहेत. तो शब्द शोषणाची आणि त्याविरुद्ध उभे राहण्याची व्याख्या करतो. अनुसूचित जाती ही राष्ट्रपतींच्या आदेशातली यादी आहे. यादीलाही मोल आहे. तिच्याच आधाराने मी शिकलो आणि आज शिकवतो. परंतु यादी ही यादी आहे.

या दोहोंना ‘तेच’ म्हटले की काय होते ते नियमानेच पाहू. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. ख्रिश्चन झालेला दलित आजही त्यात नाही. म्हणजे समीकरण लागू केले की दलित ख्रिश्चन ‘दलित’ उरत नाही, कारण एकाविषयी जे खरे ते दुसऱ्याविषयी खरे असलेच पाहिजे. आणि काळाचा रकाना नसेल तर १९५६ च्या धर्मांतरानंतर १९९० पर्यंत केंद्राच्या कायद्यात अनुसूचित जातीत न बसणारे लाखो बौद्ध त्या चौतीस वर्षांत कोण होते, याचेही उत्तर यंत्र चुकीचे देईल. जोडणी करणारे म्हणतात की अर्थ सामाईक केला की गोंधळ जातो. येथे गोंधळ गेला हे खरे, पण त्याबरोबर माणसेही गेली.

उलट बाजूही आहे. एकच शब्द आणि दोन अर्थ. कैकाडी हा समाज महाराष्ट्रात विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातींच्या यादीत आहे आणि उरलेल्या राज्यात विमुक्त जातींच्या यादीत. ‘उपरा’ ज्या समाजातून आले तो हाच. तीच माणसे, तीच बोली, पण जिल्हा ओलांडला की रकाना बदलतो. आणि यादीतला शब्द जसा आहे तसाच वाचायचा, त्याच्या आसपासचा शब्द त्यात धरायचा नाही, हे हलबा आणि हलबा-कोष्टी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले. कायद्याला हा काटेकोरपणा लागत असेल. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. पण साहित्याच्या सूचीने तो काटेकोरपणा उसना का घ्यावा? लक्ष्मण माने यांचे पुस्तक दलित साहित्य आहे की नाही हे जिल्ह्यावरून ठरवायचे काय?

या ठिकाणी माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका संकेतस्थळाने परत केला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ होते, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, आणि जातीच्या प्रमाणपत्रावर ‘महार’. तिन्ही कागद खरे होते. तिन्ही कागदांमागे इतिहास होता. आजोबांनी कोणत्या साली दीक्षा घेतली, मुख्याध्यापकाने कोणता शब्द पसंत केला, आणि तहसीलीत कोणता शब्द चालतो, असा. यंत्राला एकच शब्द हवा होता. ती मला म्हणाली, “सर, मी नक्की कोण लिहू?” शेवटी तिने तोच शब्द लिहिला जो तिच्या आजोबांनी टाकला होता. एका सत्राचे पैसे सात महिने उशिरा आले. या मुलीला अर्थाची जोडणी नको होती असे कोण म्हणेल? उलट तिला ती सर्वांत जास्त हवी होती. हे तीन शब्द या कामापुरते एका माणसाकडे बोट दाखवतात, एवढे ओळखणारी जोडणी तिला पाहिजे होती, आणि त्यासाठी तिघांपैकी दोन शब्द मारण्याची गरज नव्हती.

म्हणून आपल्यातल्या काही मित्रांचे जे म्हणणे आहे ते मला पटत नाही. ते म्हणतात, यंत्राच्या या याद्या म्हणजे नवी मनुस्मृती. आपण त्यांच्या बाहेर राहावे. बाहेर राहण्याचे मोल आपण पुरेसे चुकवले आहे. आपली नियतकालिके कोणत्या ग्रंथालयात कोणत्या अंकापर्यंत आहेत हे एका ठिकाणी कळत नाही. बाबूराव बागुलांचे नाव रोमन लिपीत कोठे एका पद्धतीने, कोठे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते आणि एकाखाली शोधणाऱ्याला दुसऱ्याखालचे सापडत नाही. अण्णाभाऊ कोठे अण्णाभाऊ आहेत, कोठे तुकाराम भाऊराव. विखुरलेपण म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. आपली माणसे गावोगाव वेगवेगळ्या वेशींबाहेर राहिली, त्याला कोणी स्वातंत्र्य म्हटले नाही.

विखुरलेल्या शब्दांचा फायदा कोण घेतो याचे एक उदाहरण ताजे आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातगणनेत लोकांनी सांगितलेली जातीची नावे जशीच्या तशी लिहून घेतली गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या आणि या गणनेत सुमारे ४६ लाख नावे निघाली. महाराष्ट्रात यादीतल्या जाती ४९४, गणनेतली नावे ४,२८,६७७. म्हणून ही माहिती वापरण्याजोगी नाही. शब्दलेखन, पोटजात, कूळ, आडनाव सगळे एकत्र झाले होते हे खरे. पण गणनेपूर्वी नावांचा कोश करायचा नाही आणि गणनेनंतर कोश नाही म्हणून माहिती निरुपयोगी ठरवायची, यात कोणाची सोय झाली? ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर झाला आहे. त्या वेळी कोणते नाव कोणत्या नावाखाली जाणार, हे ठरवणाऱ्या कोशात आपले कोणी असणार की नाही, याची चर्चा मला आपल्या सभांतून फारशी ऐकू येत नाही.

बाबासाहेबांना हा प्रश्न पूर्ण ठाऊक होता. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी आणि श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नावच बदलावे अशी मागणी आहे. पुढच्याच वर्षी लोथियन समितीपुढे अस्पृश्य कोणाला म्हणायचे हा वाद उभा राहिला. मताधिकार आणि जागा संख्येवर ठरणार म्हटल्यावर काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांना एकाएकी आपल्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच असा शोध लागला. संयुक्त प्रांतात कोटीच्या वर असलेली संख्या व्याख्येच्या जोरावर काही लाखांवर आणली गेली. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते व्याख्येवरच दिले. शब्दशः स्पर्श टाळला जातो की नाही एवढीच कसोटी धरू नका. मनात टिकून असलेली अस्पृश्यता धरा. वेगवेगळ्या प्रांतांत रूढी वेगळ्या दिसल्या तरी त्यांमागचा अर्थ एक आहे, हे ते सांगत होते. म्हणजे आपल्या नेत्याने सामाईक अर्थाला नकार दिला नव्हता. त्यांनी तो अर्थ कोणी आणि कोणत्या कसोटीवर ठरवायचा, यावर हक्क सांगितला होता.

ग्रंथालयांचा अनुभवही हेच सांगतो. यंत्राच्या आधीपासून सामाईक अर्थाचे काम ग्रंथपाल करत आले आहेत. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ पासून चालत आलेल्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि दलितांविषयीच्या समाजशास्त्राचा ३०५.५६८८. हा दुसरा क्रमांक ‘खालचे, बहिष्कृत वर्ग’ या डोक्याखाली येतो. आमच्या महाविद्यालयात ‘बलुतं’ मराठीच्या कपाटात आहे आणि दलित आत्मकथनांची इंग्रजी भाषांतरे समाजशास्त्राच्या. भाषांतर झाले की आपण लेखक राहत नाही, नमुना होतो! अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषययादीत आपण एके काळी ‘अनटचेबल्स’ होतो, आता ‘दलित्स’ आहोत. म्हणजे याद्या बदलतात. सॅनफोर्ड बर्मन या ग्रंथपालाने १९७१ साली त्या विषययादीतल्या पूर्वग्रहांवर पुस्तकच लिहिले. ‘इल्लीगल एलियन्स’ या शब्दाविरुद्ध डार्टमथ महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०१४ साली उठाव केला. मध्ये संसदेतल्या काहींनी अडवले आणि २०२१ साली तो शब्द बदलला गेला. न्यूझीलंडमध्ये माओरी ग्रंथपालांच्या सहभागाने ‘न्गा ऊपोको तुकुतुकु’ ही स्वतंत्र विषययादी झाली. तिची मांडणी इंग्रजी यादीचे भाषांतर करून केलेली नाही, ती माओरी विश्वदृष्टीतून केलेली आहे. आणि तरी ती राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीला जोडलेली आहे. आपल्याकडे दलित साहित्याच्या विषयांची अशी यादी कोणी केली आहे असे मला दिसले नाही. करायला कोणी मना केले आहे असेही नाही.

तंत्रात त्यासाठी जागा आहे. २००९ साली प्रमाण झालेल्या स्कॉस या पद्धतीत ‘तेच’ सोडून ‘जवळचे’, ‘त्याहून व्यापक’, ‘त्याहून संकुचित’ असे वेगळे संबंध लिहिता येतात. ‘दलित’ हा ‘अनुसूचित जाती’हून व्यापक, असे लिहिले की कोणी ख्रिश्चन वा विमुक्त बाहेर फेकला जात नाही. विकिडेटात प्रत्येक विधानाला ‘केव्हापासून’, ‘केव्हापर्यंत’ आणि ‘कोणत्या आधारावर’ हे जोडता येते. निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी लेखकांची नावे एकत्र आणणारी व्हायाफ नावाची सूची आहे. तीत एका लेखकाची सगळी रूपे शेजारीशेजारी राहतात, कोणा एकाला खरे ठरवून बाकीची पुसली जात नाहीत. म्हणजे साधने तेथे आहेत. ती वापरायला वेळ लागतो, वाचन लागते आणि त्या समाजाचे माणूस लागते. ‘हो’वर खूण करायला एक क्षण पुरतो. प्रकल्पांना पैसे नोंदींच्या संख्येवर मिळतात, अंतर जपण्याबद्दल मिळत नाहीत, ही यातली खरी गोम आहे.

दुसऱ्या बैठकीला मी तीन सुधारणा घेऊन गेलो. ‘आत्मकथन’ला स्वतःचा पत्ता द्यावा आणि आत्मचरित्राशी ‘जवळचे’ एवढाच संबंध लिहावा. ‘दलित’ व्यापक ठेवावा. जातीच्या रकान्यात लेखकाने स्वतः लिहिलेले तेवढेच घ्यावे आणि शेजारी ‘कोणी म्हटले’ असा रकाना असावा. जेथे लेखकाने सांगितलेले नाही तेथे रकाना मोकळा राहावा. मोकळ्या रकान्यावर बरीच ओढाताण झाली, कारण मोकळ्या जागा अहवालात वाईट दिसतात. बाकीचे मान्य झाले.

मग ‘बलुतं’ची ओळ आली. मी म्हटले, दगडू आणि दया यांच्या नोंदी दोन राहू द्या. अभियंत्याने विचारले, मग दगडू शोधणाऱ्याला दया सापडणार कसा? प्रश्न रास्त होता. दोन नोंदींत काहीतरी क्रियापद हवेच. ‘टोपणनाव’ त्याने सुचवले, ‘दुसरे नाव’ सुचवले. मी पुस्तक बरोबर नेले होते. ते पुढे ठेवले आणि म्हणालो, यात ते क्रियापद आहे. दगडू दयाला सांगतो.

“सर, ‘सांगतो’ असा संबंध आपल्या यादीत नाही.”

“मग घाला.”

“व्याख्या द्यावी लागेल. कोण सांगतो, कोणाला सांगतो, दोन्हीकडे काय येऊ शकते.”

मी लिहून दिले. दोन्हीकडे व्यक्ती. त्याने टंकलेखन करता करता विचारले, एकच व्यक्ती दोन्हीकडे आली तर चालेल का, की यंत्राने ती चूक समजायची? चालेल, असे मी म्हणालो, आणि त्याने तशी नोंद केली. पुढची ओळ ‘उपरा’ची होती. तिथे जिल्हा विचारला होता.